संप्रेरकांचे चक्र, पेशीतील विकर आणि विटाळाची कल्पना



'विटाळ' या एका शब्दाची झळ आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करून घेण्याचा खटाटोप केला, हा इतिहास आपल्या मुलाबाळांना तोंडपाठ आहे. परंतु हाच शब्द आजही कित्येक घरांत दुसऱ्या वाटेने टिकून आहे. मुलगी किंवा सून पाळीत असली की 'तिला कावळा शिवला', 'ती बाहेरची आहे' असे म्हणून तिला बाजूस बसविले जाते. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर वंदना घेणारी सर्वच घरे यातून सुटली आहेत, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

एखादी गोष्ट अपवित्र आहे की नाही, या वादात शिरण्यापूर्वी ती गोष्ट मुळात काय आहे हे समजून घ्यावे. म्हणून पाळीच्या चक्रात स्त्रीच्या गर्भाशयाच्या पेशींत काय घडते, संप्रेरके आणि विकर यांचा मेळ कसा बसतो आणि तो बिघडला तर कोणते आजार होतात, याची माहिती प्रस्तुत लेखात देत आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, तथापि शालेय विज्ञानाची तोंडओळख असलेल्या कोणासही तो समजावा असा प्रयत्न केला आहे.

संप्रेरक आणि विकर

शरीरातील एका ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत निरोप पोहोचविणाऱ्या रसायनास संप्रेरक म्हणतात. इंग्रजीतील 'हॉर्मोन' हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केला. संप्रेरकांचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील स्टेरॉइड वर्गाची संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. कोलेस्टेरॉल म्हटले की आपल्याला हृदयविकार आठवतो, पण ते नसते तर ही संप्रेरकेही नसती. या सर्वांचा सांगाडा एकच असतो : कार्बनच्या अणूंची एकमेकांस जोडलेली चार कडी. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनचे २७ अणू असतात, प्रोजेस्टेरॉनमध्ये २१, टेस्टोस्टेरॉन या पुरुष संप्रेरकात १९ आणि एस्ट्रॅडिऑल या प्रमुख स्त्री संप्रेरकात १८.

आता २७ चे २१, २१ चे १९ आणि १९ चे १८ कोण करते? हे काम विकरांचे. विकर म्हणजेच एन्झाइम. हे एक प्रकारचे प्रथिन असते आणि ते रासायनिक क्रिया घडवून आणते. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. एक विकर अणू तोडतो, दुसरा हायड्रोजन काढून घेतो, तिसरा एखादा रासायनिक गट जोडतो. एवढ्याशा फरकाने संप्रेरकाचा स्वभाव पालटतो. ॲरोमाटेज नावाचा विकर पुरुषी संप्रेरकांचे रूपांतर स्त्री संप्रेरकांत करतो, यावरून ही गोष्ट ध्यानात यावी. स्त्री आणि पुरुष या दोघांच्याही शरीरांत दोन्ही प्रकारची संप्रेरके असतात. प्रमाणात मात्र मोठा फरक असतो.

महिन्याचे चक्र

पाळीचे चक्र सरासरी २८ दिवसांचे मानले जाते, तरी २१ ते ३५ दिवसांपर्यंतचे चक्र सर्वसाधारण समजतात. त्याचे दोन भाग पडतात.

पहिल्या भागात मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजांडकोशाला निरोप धाडते. बीजांडकोशात अंड्याभोवती दोन थरांच्या पेशी असतात. बाहेरच्या थरातील पेशी कोलेस्टेरॉलपासून पुरुषी संप्रेरक तयार करतात आणि आतल्या थराच्या हवाली करतात. आतल्या थरातील पेशींत पीयूषिकेच्या निरोपामुळे ॲरोमाटेज हा विकर वाढलेला असतो. तो त्या कच्च्या मालापासून एस्ट्रॅडिऑल बनवितो. दोन्ही थरांपैकी कोणालाही हे काम एकट्याने नीट पार पाडता येत नाही.

एस्ट्रॅडिऑलचे प्रमाण अतिशय अल्प असते. अंडे बाहेर पडण्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त असते, तेव्हाही एक मिलिलिटर रक्तात साधारण २०० ते ४०० पिकोग्रॅम एवढेच भरते. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! पण एवढ्यानेही गर्भाशयाच्या आतील अस्तराच्या पेशी भराभर वाढू लागतात. पाळी संपल्यावर जेमतेम दोन-चार मिलिमीटर जाड असलेले अस्तर दोन आठवड्यांत आठ ते बारा मिलिमीटरपर्यंत वाढते.

दुसऱ्या भागाची सुरुवात अंडे बाहेर पडल्यावर होते. अंड्याच्या रिकाम्या कोशापासून पिवळसर रंगाची एक तात्पुरती ग्रंथी तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. तिचे आयुष्य सुमारे १४ दिवसांचे असते आणि तेवढ्या काळात ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार करते. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तरातील बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ऊती विरघळविणारे विकर जागे होतात आणि अस्तराचा वरचा थर गळून पडतो. हीच पाळी. तीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. हे रक्त आपल्या धमन्या-शिरांतून वाहणारेच रक्त असते. सोबत असतात गर्भाला आसरा देण्यासाठी तयार झालेल्या अस्तराच्या पेशी.

एक कोडे

येथे जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न यावयास हवा. चक्राच्या दुसऱ्या भागात रक्तातील एस्ट्रॅडिऑल संपते काय? नाही. पीतपिंड प्रोजेस्टेरॉनबरोबर एस्ट्रॅडिऑलही तयार करीत असतो आणि अंडे बाहेर पडल्यानंतर साधारण आठवडाभराने त्याचे रक्तातील प्रमाण पुन्हा वर चढते. असे असूनही अस्तराच्या ग्रंथीमय पेशी पूर्वीसारख्या वाढत नाहीत. त्या विभाजन थांबवून गर्भाच्या पोषणासाठी स्राव तयार करण्याच्या कामी लागतात. निरोप्या दारात उभा आहे आणि तरी घरात हालचाल नाही, हे कसे?

याचे एक उत्तर असे की, प्रोजेस्टेरॉनमुळे पेशींतील एस्ट्रॅडिऑलचे ग्राही, म्हणजे निरोप स्वीकारणारी प्रथिने, कमी होतात. पण उत्तराचा दुसरा भाग विकरांत दडलेला होता.

कोड्याचा उलगडा

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत लिंडा त्सेंग आणि एर्लिओ गुरपिदे या शास्त्रज्ञांनी चक्राच्या निरनिराळ्या दिवसांतील मानवी गर्भाशयाच्या अस्तराचे नमुने तपासले. एस्ट्रॅडिऑलचे एस्ट्रोनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराची क्रिया प्रत्येक नमुन्यात किती आहे, हे त्यांनी मोजले. १९७४ आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून असे स्पष्ट झाले की, चक्राच्या पहिल्या भागात ही क्रिया मंद असते आणि दुसऱ्या भागात ती कित्येक पटींनी वाढते. अस्तराच्या ऊतींना शरीराबाहेर प्रोजेस्टेरॉनसारखे द्रव्य पुरविले असताही ही वाढ दिसून आली. म्हणजे ही वाढ घडविणारे कारण प्रोजेस्टेरॉन हेच होते.

या विकराचे नाव लांबलचक आहे : सतरा-बीटा हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजनेज. या कुळातील 'प्रकार २' हा विकर येथे मुख्यत्वे काम करतो आणि त्याचा जनुक १९९३ साली ओळखला गेला. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, काम लक्षात ठेवावे. एस्ट्रॅडिऑलच्या सतराव्या कार्बनपाशी असलेल्या गटातून हा विकर हायड्रोजनचे दोन अणू काढून घेतो. त्याचे एस्ट्रोन बनते. एस्ट्रोन हे पुष्कळच दुबळे संप्रेरक आहे. त्याच वेळी आणखी एक विकर प्रोजेस्टेरॉनमुळे वाढतो. तो एस्ट्रोजेनच्या रेणूला सल्फेटचा गट जोडतो. असा जोड लागलेला रेणू ग्राहीला चिकटू शकत नाही, म्हणजे तो निरोप देण्यास निकामी होतो.

शेतकरी कुटुंबातील वाचकांना हे चटकन कळेल. पाटाला पाणी एकच असते, पण कोणत्या वाफ्यात किती जाऊ द्यावयाचे हे दारे धरणारा ठरवितो. रक्त हा पाट आणि पेशीतील विकर म्हणजे दारे धरणारा. या दारे धरणाऱ्याला हुकूम देते ते प्रोजेस्टेरॉन, आणि प्रोजेस्टेरॉन केव्हा यावयाचे ते चक्र ठरविते. रक्तात संप्रेरक किती आहे, एवढ्यावरून पेशीत काय होईल हे सांगता येत नाही, ते याचसाठी.

यातील एक बारकावा तर फारच बोधप्रद आहे. हा विकर अस्तरातील ग्रंथींच्या पेशींत असतो, परंतु प्रोजेस्टेरॉनचा निरोप त्यांच्या शेजारच्या आधारपेशी घेतात. निरोप मिळाल्यावर त्या जी द्रव्ये पाझरवितात, त्यांमुळे ग्रंथींच्या पेशींतील विकर वाढतो. अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल या निरोपात भाग घेते, असे पुढील संशोधनात दिसून आले. याचा अर्थ कोणी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात असा मात्र नव्हे. गरोदरपणी त्याचे अतिरिक्त प्रमाण गर्भाला अपायकारक असते.

अशी व्यवस्था केवळ गर्भाशयातच आहे असेही नाही. मूत्रपिंडात एक विकर कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्प्रभ करून शरीरातील मिठाचे प्रमाण योग्य राखतो. ज्येष्ठमधातील एक द्रव्य त्या विकराला अडविते. म्हणून ज्येष्ठमध फार दिवस व फार प्रमाणात खाल्ल्यास रक्तदाब वाढतो. घरगुती औषध म्हणजे निर्धोकच, या समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

लगाम नसेल तर

ज्या महिन्यात अंडे बाहेर पडत नाही, त्या महिन्यात पीतपिंड नाही. पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही, आणि प्रोजेस्टेरॉन नाही म्हणून एस्ट्रॅडिऑल शमविणारे विकरही वाढत नाहीत. अस्तर वाढतच राहते आणि मग केव्हातरी वेडेवाकडे गळू लागते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत, पाळी जाण्याच्या वयातील स्त्रियांत आणि पीसीओएस या विकारात असे वारंवार घडते. दोन-तीन महिने पाळी नाही आणि आली की थांबत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

वर्षानुवर्षे असेच चालू राहिले तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. याचा धडा वैद्यकशास्त्राला १९७५ साली मिळाला. पाळी गेलेल्या स्त्रियांना त्या काळी अमेरिकेत नुसत्या एस्ट्रोजेनच्या गोळ्या सर्रास देत असत. अशा स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग जास्त आढळतो, हे त्या वर्षी दोन अभ्यासांनी दाखवून दिले. सोबत प्रोजेस्टेरॉनसारखे औषध दिल्यास हा धोका कमी होतो, हे नंतर सिद्ध झाले. निसर्गाने जो लगाम दिला होता, तो वगळल्याचा हा परिणाम होता.

लठ्ठपणाचाही येथे संबंध येतो. चरबीच्या पेशींत ॲरोमाटेज असतो. पाळी गेल्यानंतर बीजांडकोश थंडावले तरी चरबी एस्ट्रोन तयार करीतच राहते, आणि त्यास आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन तर उरलेले नसते. म्हणून पाळी कायमची गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसले तरी ते अंगावर काढू नये. अस्तराचा कर्करोग झालेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांत हे लक्षण आढळते. उलटपक्षी, असे रक्त दिसलेल्या दहांपैकी नऊ स्त्रियांना कर्करोग नसतो. तेव्हा घाबरून लपविण्याचे कारण नाही. वेळीच तपासणी झाली तर हा आजार बहुधा बरा होण्याच्या अवस्थेतच सापडतो.

सोसत राहण्याचा आजार

याच विकरांशी निगडित असलेला दुसरा आजार म्हणजे एंडोमेट्रिऑसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, बीजांडकोशावर किंवा ओटीपोटात वाढते. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या ऊतीत विकरांचा मेळ उलटा होतो. निरोगी अस्तरात ॲरोमाटेज जवळजवळ नसतोच. येथे तो असतो आणि जागच्या जागी एस्ट्रोजेन तयार करतो. शिवाय ही ऊती प्रोजेस्टेरॉनला नीट दाद देत नाही, त्यामुळे एस्ट्रॅडिऑल शमविणारा विकर तेथे अपुरा पडतो. तयार करणारा जोरात आणि शमविणारा लंगडा, असा हा प्रकार. परिणामी सूज व तीव्र वेदना होतात आणि काही जणींना मूल राहण्यास अडचण येते.

'पाळीत दुखायचेच, आम्ही नाही का सोसले?' असे म्हणून मुलीची तक्रार उडवून लावणाऱ्या माता-भगिनींना नम्र विनंती आहे की, ज्या वेदनेमुळे मुलीची शाळा बुडते ती वेदना नाजूकपणाची नव्हे, तपासणीची बाब आहे. या आजाराचे निदान होण्यास अनेकींना कित्येक वर्षे लागतात, आणि त्याचे एक कारण हे घरातील गप्प बसविणेच आहे.

गर्भाशय काढणे हा एकच उपाय नव्हे

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे प्रकाशात आले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कोयत्यावर जाणाऱ्या बाईचा एक दिवस खाडा पडला तरी पैसे कापले जातात. फडात ना पाणी, ना आडोसा. अशा वेळी अंगावर जाणे, कंबर दुखणे, जास्त रक्त जाणे यांवर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला पटकन पटतो. या स्त्रियांत आपल्या भगिनीही आहेत, हे वेगळे सांगावयास नको.

काही आजारांत ही शस्त्रक्रिया आवश्यक असते, यात शंका नाही. परंतु प्रोजेस्टेरॉनची उणीव हे कारण असेल तर त्या जातीची औषधे देऊन तोच लगाम पुन्हा लावता येतो. गर्भाशयात बसवून तेथेच हे औषध थोडे थोडे सोडणारे साधनही १९९० पासून वापरात आले आहे. शस्त्रक्रियेबरोबर बीजांडकोशही काढले गेले, तर तरुण वयातच एस्ट्रोजेन संपून हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी कारण विचारावे, सोनोग्राफीचा आणि गरज असल्यास अस्तराच्या तपासणीचा अहवाल पाहावा, आणि शासकीय रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

पुढील लक्षणे असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये : पाळी गेल्यानंतर रक्त दिसणे, तीन महिने पाळी न येणे, आठ दिवसांहून अधिक काळ किंवा तासातासाला पॅड बदलावे लागेल इतके रक्त जाणे, आणि रोजची कामे थांबविणारी वेदना. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा शरीरातून दर महिन्यास जादा रक्त जाणे किती महाग पडते, याचा हिशेब प्रत्येक घराने करावा.

कारण शोधण्याची शिकवण

तथागतांनी विकरांचे शास्त्र अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, असा दावा प्रस्तुत लेखकास करावयाचा नाही. तसे करणे धम्मालाही शोभणार नाही आणि विज्ञानालाही. परंतु प्रतीत्यसमुत्पादाने आपल्याला एक सवय लावली आहे. जे घडते ते कारणांमुळे घडते आणि कारण दूर झाले की परिणामही थांबतो, असा विचार करण्याची ती सवय. कालामांना केलेल्या उपदेशातही ऐकीव गोष्ट आणि परंपरा यांवर विसंबू नये, हेच सांगितले आहे. पाळीच्या बाबतीत ही सवय लावून पाहिली म्हणजे काय दिसते? पीयूषिकेचा निरोप, बीजांडकोशातील ॲरोमाटेज, एस्ट्रॅडिऑल, पीतपिंड, प्रोजेस्टेरॉन, शमविणारे विकर आणि शेवटी गळून पडणारे अस्तर, अशी कारणांची साखळी दिसते. तिच्यात विटाळाला कोठेही जागा नाही.

या साखळीतील प्रत्येक कडी ज्या पेशींत घडते, त्याच पेशींच्या आसऱ्याने आपल्यापैकी प्रत्येकाचा जन्म झाला आहे. मग त्या पेशी गळून पडण्याच्या चार दिवसांत आईला, बहिणीला वा पत्नीला विहारात मागे बसविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाचा पुरस्कार केला, तेव्हा स्त्रीच्या शरीराचे श्रम हा साऱ्या समाजाचा प्रश्न आहे, अशीच त्यांची भूमिका होती. तिचा वारसा सांगावयाचा तर सुरुवात स्वतःच्या घरातून करावी लागेल.

विद्यार्थिनींनी हा विषय संकोच न बाळगता शिकावा, आणि विद्यार्थ्यांनीही तो 'मुलींचा विषय' म्हणून टाळू नये. जीवशास्त्राच्या तासाला हा धडा वगळला जात असेल तर शिक्षकांना तो शिकविण्याची विनंती करावी. आपल्यातून उद्या जे डॉक्टर, परिचारिका आणि संशोधक होतील, त्यांच्यासाठी पेशींतील या विकरांचे कित्येक प्रश्न अजून उत्तराची वाट पाहत आहेत.

जयभीम!